माझ्या नाकाचा ठराव

माझ्या चेहऱ्याकडे बघून लोक जे समजतात, ते खरं नाही. त्यांची त्यात चूक नाही. विचारणाऱ्याला मी इतकी वर्षं अर्धंच सांगत आलो.

माझ्या नाकाच्या उजव्या बाजूला कपाळाची कातडी बसवलेली आहे. त्याच बाजूच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. त्वचेच्या कॅन्सरमुळे हे झालं. पण एवढं व्हायला नको होतं. आणि आमच्या गावच्या तुळशीराम या मेंढपाळाचा तर एक डोळाच गेला, तोही जायला नको होता. या दोन्ही गोष्टींत आजाराइतकाच माझा हात आहे.

ज्यांच्या घरात असा आजार निघाला आहे, आणि चेहऱ्याचं ऑपरेशन कोणाकडून करून घ्यावं याच्या काळजीत जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतील. मी डॉक्टर कसा निवडला, तेवढंच मला सांगायचं आहे. तसा कोणी निवडू नये.

चष्म्याचा घट्टा

आमचं गाव बीड जिल्ह्यात, चौसाळ्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. गावच्या सहकारी दूध संस्थेत मी सेक्रेटरी होतो. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायची, हिशेब लिहायचा.

ही नोकरी मला कशी मिळाली ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमचं घर बौद्ध. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. संस्था निघाली तेव्हा मॅट्रिक झालेला आणि आकड्यांना पक्का असा गावात मीच होतो. पण माझ्या हातून दूध मोजून घ्यायला काही घरं तयार नव्हती. पहिल्या सकाळी टेबलासमोर चारच किटल्या आल्या. तेव्हा संस्थेचे चेअरमन अण्णा स्वतः माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दूध सखारामच मोजणार. ज्याला चालत न्हाई त्यानं आपलं दूध आपल्या घरी प्यावं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या किटल्या आल्या. त्या दिवसापासून अण्णांचा शब्द मी खाली पडू दिला नाही.

नाकावर चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली मोहरीएवढा चकचकीत दाणा आला होता. तोंड धुताना टॉवेल लागला की रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा निघायची. मी म्हणालो, चष्म्याचा घट्टा आहे. फ्रेम बदलली. बायकोने, सुमनने, हळद लावली. मग मलमं झाली. मग मी त्याच्याकडे बघणंच सोडलं.

तसं बघायला फुरसतही नव्हती. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. विहिरी तळाला गेलेल्या, गावाला टँकर, आणि आमच्या संस्थेने माळावर जनावरांची चारा छावणी घातलेली. कोणाची किती जनावरं आली, कोणाला किती पेंढ्या दिल्या, सरकीची ढेप किती, ही सगळी नोंद माझ्याकडे. दिवसभर उघड्या माळावर उन्हात उभा.

माझी मुलगी वंदना बीडला शाळेत शिकवते. सुट्टीत आली होती. अंगणात मी दाढी करत होतो, तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"बाबा, हे किती महिने झाले?"

"चष्म्याचं आहे."

"चष्मा नाकपुडीवर लावता का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी ती मला बीडला घेऊन गेली.

निदानाचा दिवस

त्वचेच्या डॉक्टरांनी दाण्याचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट घ्यायला मी आणि सुमन गेलो. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगत होते. हा कॅन्सर आहे, पण शरीरभर पळणारा सहसा नसतो. जागच्या जागी पोखरत जातो. पूर्ण काढला तर माणूस बरा होतो. अर्धवट राहिला तर आतल्या आत पसरतो. काढल्यावर नाकाला भोक पडेल, ते बुजवायला चेहऱ्याचं काम येणारा सर्जन लागेल.

इतकं सगळं सांगितलं त्यांनी. मला पहिला शब्द तेवढा ऐकू आला.

बसस्टँडवर सुमनने चहा आणला. मी म्हणालो, "आज ढेपीची गाडी यायची होती. उतरवून कोण घेणार?"

ती म्हणाली, "नाकाला कॅन्सर हाय म्हनला त्यो डॉक्टर. आन तुमाला ढेप दिसायली?"

आजूबाजूची दोन माणसं वळून बघायला लागली. मी गमछा तोंडावर ओढून घेतला. मधला काही काळ सोडला तर तो गमछा पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला.

तीन कोटेशन

वंदनाने चौकशी करून औरंगाबादच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंची वेळ घेतली. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणतो. आम्ही तिघं गेलो.

मॅडमनी कागदावर नाक काढून दाखवलं. म्हणाल्या, "मी आधी फक्त आजार काढणार. जखम झाकून ठेवणार. काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासून येतील. कडांना आजार नाही असा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी नाक बांधायला घेणार नाही. मग कपाळाची कातडी खाली वळवून नाकावर बसवू. तिला रक्त मिळावं म्हणून ती कपाळाला जोडलेलीच राहील, साधारण तीन आठवडे. नंतर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जोड कापायचा."

मग त्यांनी फोटो दाखवले. एका माणसाच्या भुवईपासून नाकापर्यंत मांसाची जाड पट्टी लोंबत होती. मी मान फिरवली. सुमनने मात्र वाकून नीट पाहिलं. "आन हे तोडल्यावरचा फोटू?" तिने विचारलं. मॅडमनी तोही दाखवला. नाक नाकासारखं होतं, कपाळावर एक उभी रेघ.

"चांगलं बसलंय की," सुमन म्हणाली.

मी एकच प्रश्न विचारला. "मधल्या दिवसांत कामावर जाता येईल का?"

"जाता येईल. पण लोक बघतील. त्याची तयारी ठेवा." मग म्हणाल्या, "तुम्हाला आणखी काही विचारायचं नाही?"

मला नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. संस्थेत काहीही घ्यायचं असलं, दुधाचे कॅन, वजनकाटा, कडबा, तरी तीन कोटेशन मागवायची असा नियम. तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे, एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि सगळ्यात कमी असेल त्याला मंजुरी द्यायची. आयुष्यभर हेच केलेला माणूस मी. डॉक्टरच्या बाबतीतही तेच केलं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी मॅडमसारखंच सांगितलं, वर तारीख लांबची दिली. तिसरं नाव अण्णांनी दिलं. त्यांचे जावई सर्जन होते, एका दुसऱ्या शहरात नुकताच दवाखाना टाकला होता. त्यांनी माझं नाक अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाले, "एका बैठकीत उरकू. काढू आणि कानामागची कातडी तिथल्या तिथे लावू. आठवड्यात तुम्ही छावणीवर."

मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि मला लवकर कोण सोडतो, एवढंच मोजलं. आधी अशी किती नाकं केली, आजार पूर्ण निघाला हे कशावरून ठरवणार, पुन्हा उद्भवला तर काय करणार, यातलं एकही मी कोणाला विचारलं नाही. वजनकाटा घेताना मी याहून जास्त प्रश्न विचारले होते.

ठराव

संचालक मंडळाची बैठक छावणीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली होती. टँकरच्या फेऱ्या, ढेपीचं वाटप, असे विषय होते. ते संपल्यावर अण्णा म्हणाले, "आता सखारामच्या नाकाचा विषय घ्या."

सगळे हसले. मीही हसलो.

एक संचालक म्हणाला, "नाक एकच हाय, वाटप कसं करायचं?"

"वाटप न्हाई, दुरुस्ती," दुसरा म्हणाला.

अण्णांनी हात वर करून हसणं थांबवलं. "हे बघा. औरंगाबादची बाई दोन दोन ऑपरेशनं करनार, महिनाभर ह्येला सोंड लावून बसवनार. छावणी कोन बघंल? आपला जावई एका दिवसात करतोय. आपला माणूस हाय, डोळ्यात तेल घालून करंल. काय म्हनता?"

"मंजूर," सगळे म्हणाले. हात वर झाले. इकडे तिकडे बघितलं तर एक हात माझाही वर होता.

हा ठराव वहीत लिहिला नाही, तो गमतीचाच होता. पण आमच्याकडे असंच चालायचं. अण्णांच्या ओट्यावर काय ते ठरायचं, बैठकीत हात वर व्हायचे, आणि एकदा बिनविरोध झालं की घरी जाऊन कोणी फिरायचं नाही.

घरी सांगितलं. वंदना म्हणाली, "बाबा, नाक तुमचं आहे की संस्थेचं?"

"अण्णांनी शब्द टाकलाय."

"अण्णांना कॅन्सर झालाय का?"

मी तिच्यावर ओरडलो. अण्णा नसते तर तू शिकली असतीस का, असंही बोललो. तिने पिशवी उचलली आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून दुपारच्या गाडीने बीडला गेली. सुमनने ते ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी स्वतः खाल्लं.

छान दिसत होतं

जावयांच्या दवाखान्यात एका दुपारी सगळं झालं. हे मला खरं लिहिलं पाहिजे की त्यांनी मला नीट वागवलं, अण्णांचा माणूस म्हणून वेगळी खोली दिली. टाके निघाल्यावर आरशात बघितलं तर नाकावर फक्त एक फिकट ठिगळ. आठवड्याच्या थोडं पुढे मी छावणीवर उभा होतो. लोक येऊन बघून जायचे. अण्णा म्हणायचे, "बघा रे, कुठं दिसतं का?" मी नाक पुढे करायचो.

वंदनाने फोनवर एकच विचारलं. "कडांचा रिपोर्ट काय आला?"

मी जावयांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "सगळं काढलंय, काळजी करू नका." मी कागद मागितला नाही. अण्णांच्या जावयाकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. वंदनाला मी सांगितलं, "चांगला आलाय."

हे माझं पहिलं खोटं. रिपोर्ट मी बघितलाच नव्हता. कडा तपासायला पाठवल्याच नव्हत्या, हे मला पुढे कळलं.

पाऊस झाला, छावणी उठली. दोन-अडीच वर्षं बरी गेली. मग ठिगळाच्या कडेला आतून टणक लागायला लागलं. वर काही दिसत नव्हतं, पण बोट फिरवलं की कातडीखाली खडा असावा तसं. मी कोणाला बोललो नाही. कोणाला आणि काय सांगणार? त्या साली संस्थेची निवडणूक होती आणि अण्णांच्या विरोधात पहिल्यांदाच पॅनल उभं राहिलं होतं. माझं नाक बिघडलं हे विरोधकांना समजलं असतं तर त्यांनी ते गावभर मिरवलं असतं. निवडणूक होऊ दे, म्हटलं. नंतर दिवाळी होऊ दे, म्हटलं. तोवर खालची पापणी ओढल्यासारखी वाटायला लागली.

शेवटी सुमननेच वंदनाला बोलावलं. "तुझ्या बापाला घेऊन जा," एवढंच म्हणाली. "आता ठराव-बिराव काय न्हाई."

मॅडम

मॅडमनी मला ओळखलं. नाक दाबून बघताना त्यांचा चेहरा बदलला नाही, पण बोट एका जागी थांबलं.

"पहिलं ऑपरेशन कोणी केलं?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणाल्या, "कातडीखालून पसरलंय. आता नाकाची ही बाजू पूर्ण जाईल, गालाचा काही भाग जाईल, पापणीच्या काठापर्यंत जावं लागेल. डोळा वाचेल असं वाटतं. नाक मी बनवीन, पण तेव्हा जसं झालं असतं तसं आता होणार नाही. हे आधीच सांगते."

मॅडमनी आजार काढल्यावर कडांच्या रिपोर्टची वाट बघत जे दिवस काढले, तेव्हा वाटली तेवढी भीती मला आयुष्यात वाटली नाही. तोंडाला अर्धी पट्टी, आत काय आहे आणि काय नाही ते दिसत नाही. सकाळी सिस्टर येऊन पट्टी बदलायच्या तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. सुमन मात्र रोज बघायची. एकदा मी विचारलं, "कसं दिसतंय?"

"खड्डा हाय," ती म्हणाली. "बुजवनार हायत त्या. तुमी भात खावा."

कडा स्वच्छ आल्या. मग कपाळाची कातडी खाली आली आणि फोटोत बघून मी मान फिरवली होती ती पट्टी माझ्याच भुवईपासून लोंबायला लागली. वॉर्डात शेजारच्या खाटेवर हात भाजलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "काका, नाक पळून जाऊ नये म्हणून बांधून ठेवलंय का?" मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. त्या महिन्यात मी तेवढाच हसलो.

जोड तुटला. नाक झालं, जाडसर आहे, पण श्वास चालतो. कपाळावर केस होते तिथली कातडी खाली आली, म्हणून माझ्या नाकाच्या शेंड्यावर केस उगवतात. सुमन दर आठवड्याला ते कात्रीने कापते. "हालू नका, भादरते," म्हणते. पापणी थोडी उघडी राहते, डोळ्यातून पाणी येतं. वंदना रजा टाकून सगळे दिवस तिथे राहिली. रिपोर्टबद्दल मी खोटं बोललो होतो ते मॅडमच्या बोलण्यातून तिला समजलं होतं. ती मला त्यावर काही म्हणाली नाही. आजतागायत नाही.

विचारणाऱ्याला

गावात आलो तेव्हा प्रत्येकजण विचारायचा, "कोणी केलं हे असं?"

मी म्हणायचो, "औरंगाबादच्या मॅडमनी."

हे खोटं नव्हतं. नाक त्यांनीच केलं होतं. त्यांनी ते कशातून वाचवून केलं, हे मी सांगत नव्हतो. लोक आधीचं छान दिसणारं नाक आठवायचे आणि म्हणायचे, "अण्णाच्या जावयानं किती चांगलं केलतं! ह्या बाईनं वाटोळं केलं." मी गमछा वर ओढायचो आणि गप्प बसायचो. अण्णा शेजारी असले तर तेही गप्प बसायचे. त्यांना सगळं माहीत होतं. मी एकदाही त्यांना जाब विचारला नाही, त्यांनी एकदाही मला विषय काढू दिला नाही.

माझ्या नाकापुरतं असतं तर हे मी लिहिलंही नसतं.

पुन्हा दुष्काळ पडला. पुन्हा माळावर छावणी पडायची होती आणि तिची मंजुरी अण्णांच्या खटपटीवर अडली होती. त्या दिवसांत एका सकाळी तुळशीराम दूध घालायला आला. मेंढ्यांसोबत त्याच्या दोन म्हशी होत्या. डोळ्याच्या कोपऱ्याला, नाकाच्या बाजूने, काळपट कडेची जखम. बीडच्या सरकारी दवाखान्यात त्याने दाखवलं होतं.

"सेक्रेटरी, मला बी तुमच्यावानीच निघालंय म्हने," तो म्हणाला. "औरंगाबादच्या त्या मॅडमकडंच जा म्हनत्यात. तुमचं त्यांनीच केलं ना?"

अण्णा बाकावर पेपर वाचत बसले होते. पेपर हलला नाही.

"हो," मी म्हणालो.

तुळशीरामने माझ्याकडे नीट पाहिलं. नाकाकडे, पापणीकडे, पाण्याकडे. "लई त्रास झाला का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. इतकंच म्हणायचं होतं की तू लगेच जा, माझं आधी दुसरीकडे बिघडलं होतं, मॅडमनी मला वाचवलं. एका श्वासाचं काम होतं. मी म्हणालो, "झाला."

"मंग मी न्हाई जात," तो म्हणाला. "असं तोंड घिऊन मेंढरं बी जवळ येनार न्हाईत." आणि हसला. मी त्याचं दूध मोजलं, फॅटचा नमुना घेतला. तो किटली घेऊन गेला. अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

काही दिवसांत तुळशीराम मेंढ्या घेऊन गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरला. दुष्काळात ते लोक पाणी बघून लांब जातात. तिकडे कोणीतरी जडीबुटीचा लेप दिला. तो लेप लावून मेंढ्यांमागे फिरत राहिला. पावसाळा झाल्यावर परत आला तेव्हा जखम डोळ्याच्या खोबणीत गेलेली होती. त्याच्या बायकोने त्याला मॅडमकडेच नेलं. तिथे दुसऱ्या सर्जनना बोलावून डोळा काढावा लागला. मॅडमनी मांडीची कातडी आणून खोबण बुजवली. आजार निघाला, तुळशीराम जगला.

ऑपरेशन होऊन तो गावात परतल्याचं कळलं त्या दिवशी मी दूध संकलनावर गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

मेंढवाड्यावर

यालाही आता बरीच वर्षं झाली. अण्णा वारले. जावयांचा दवाखाना बंद होऊन ते दुसरीकडे गेले. संस्थाही नावापुरती राहिली, दूध आता खासगी गाड्या उचलतात. म्हणजे खरं बोलून माझं काहीच जाणार नाही असे दिवस आले, तेव्हा मला खरं बोलायचं सुचलं. हेही लिहून ठेवतो. अण्णांनी मला टेबलाशी उभं केलं, ते उपकार खरे होते. पण ते माझ्या नाकाने फेडायचे की तुळशीरामच्या डोळ्याने, हे मी ठरवलं. त्यांनी ते कधी मागितलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सुमन म्हणाली, "मॅडमचं नाव खराब झालं, त्यो मानूस एका डोळ्यानं फिरतोय. कवा सांगनार? माझ्या माघारी?" म्हणून गेलो.

तुळशीराम वाड्यावर मेंढ्या कोंडायच्या जाळ्या बांधत होता. मेंढ्या आता त्याची सून बघते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. जावई, कडा, न बघितलेला रिपोर्ट, आणि त्या सकाळी मी काय बोललो नाही ते. तो गाठी मारत राहिला. मध्ये थांबला नाही.

माझं झाल्यावर म्हणाला, "अण्णा बाकावर बसलेलं हुतं. माझ्या ध्यानात हाय."

"हो."

"मला तवाच वाटलं, ह्यो मानूस काहीतरी गिळायलाय."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमी सेक्रेटरी. मापात तुमची कदी खोट न्हवती. म्हनलं, सांगतोय ते खरंच आसंल."

मी त्याची माफी मागितली. त्याने हातातली सुतळी दाताने तोडली.

"मला कावून सांगता आता? तुमचं हलकं व्हावं म्हनून? माझा डोळा त्यानं यायचा हाय का?" आवाज चढलेला नव्हता. "ज्येचं अजून जायचं हाय त्येला जाऊन सांगा. इथं कशाला उन्हात हुबं ऱ्हाता."

मी म्हणालो, लिहून काढतो. सगळ्यांना वाचता येईल असं. तुझं नाव घालू का?

त्याने खालून वर माझ्याकडे पाहिलं. त्यासाठी त्याला मान पूर्ण वळवावी लागली.

"घाला. पन नीट लिवा. गेलेला डोळा डावा हाय. तुमच्या हातून उजवा व्हायचा."

मग तो दुसऱ्या जाळीकडे गेला. मला बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

औरंगाबादच्या मॅडमनी माझं नाक बिघडवलं नाही. ते बिघडलं होतं, त्यांनी ते जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवलं. तुळशीराम त्यांच्याकडे वेळेवर गेला नाही तो माझ्यामुळे. त्याचा गेलेला डोळा डावा आहे.